टंच आणि तारीख

हुपरीच्या पेढीवर चांदी आली की तिचा भाव टंच काढल्यानंतरच ठरतो. दहा जणांनी तिला चोख म्हटल्याने तिच्यातील तांबे कमी होत नाही, हे तिथल्या कारागिराला शिकवावे लागत नाही. त्याच गावातील ग्रंथपालाला एखादी विद्यार्थिनी राजर्षी शाहूंची जन्मतारीख विचारते, तेव्हा मात्र संगणकाच्या पडद्यावर दहा नोंदी उमटतात आणि त्या एकमुखाने बोलतात एवढ्यावरच त्या खऱ्या मानण्याचा मोह होतो. २६ जून १८७४ ही तारीख आज शासनमान्य आहे. जुन्या लेखनात २६ जुलै आढळतो. कपाटातील पुस्तक आणि पडदा यांत महिन्याचे अंतर पडले, तर गुण कापले जातात ते मुलीचे.

आंतरजालावरील चरित्रकोशांची चर्चा बहुधा ‘विश्वसनीय की अविश्वसनीय’ या दोन टोकांतच अडकते. वस्तुतः प्रश्न वंशावळीचा आहे. एका मूळ प्रतीवरून उतरलेल्या पन्नास पोथ्यांना पाठचिकित्सा पन्नास साक्षी मानत नाही, एकच मानते. आणि पोथ्यांचे नाते ओळखते ते त्यांच्या सामायिक चुकांवरून. चरित्रनोंदींनाही हाच न्याय लावला पाहिजे. एकच विचित्र चूक, तीही त्याच शब्दांत, सहा ठिकाणी भेटली तर साक्षीदार सहा नसून एकच आहे.

शं. ग. दाते यांची १९४३ ची ‘मराठी ग्रंथसूची’ किंवा सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा १९४६ चा अर्वाचीन चरित्रकोश निर्दोष आहे, असे कोणी म्हणणार नाही. पण तिथल्या चुकीला धनी आहे. विश्वकोशातील नोंदीखाली लेखकाचे नाव असते. गंमत अशी की २००३ पासून चालू असलेल्या ज्या मराठी विकिपीडियाकडे अभ्यासक नाक मुरडून पाहतात, त्यात प्रत्येक बदलाचा इतिहास उघडून पाहता येतो. देखण्या, निनावी संकेतस्थळांवर ती सोय नसते. ग्रंथपालाने संशय घ्यावा तो आधी या देखणेपणाचा.

दुसरी अडचण खास आपली आहे: दत्तक. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी शाहू झाले. वि. स. खांडेकर जन्माने गणेश आत्माराम, वि. वा. शिरवाडकर जन्माने गजानन रंगनाथ. नाव आणि वडिलांचे नाव जुळवून माणूस ओळखणारी यंत्रणा इथे एका व्यक्तीच्या दोन व्यक्ती करते. जुन्या तालिकापत्रावरील ‘पाहा’ हा एक शब्द हे काम बिनबोभाट करीत असे. कालगणनेचा घोळ वेगळाच. शिवाजी महाराजांच्या जन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्यूलियन पंचांगाची आहे. ग्रेगरियन पंचांगाने तोच दिवस १ मार्च होतो. इथे दोन तारखा दिसल्या म्हणून कोणतीही चुकीची ठरत नाही. मात्र नोंदीने पंचांग सांगितले पाहिजे. १६२७ हे वर्ष देणारी जुनी पुस्तके मात्र सरळ वेगळे मत मांडतात, आणि हा वाद पंचांगाने मिटणारा नाही.

हुपरीच्या त्या मुलीला शाहूंच्या दोन्ही तारखा, कोणती कुठून आली यासह, लिहून द्याव्या लागतील. तिच्या प्रकल्पवहीत जन्मतारखेसाठी छापलेली ओळ एकच आहे.