राणीछाप रुपयावरची नको तेवढी चकाकी

१८८२ सालच्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी नालासोपाऱ्यातला ‘बुरूड राजाचा कोट’ नावाचा ढिगारा उकरला. आत बौद्ध स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटातल्या दगडी पेटीत एकात एक बसवलेले करंडक, सोन्याची फुलं, छोट्या धातुमूर्ती आणि चांदीचं एकच नाणं होतं, यज्ञश्री सातकर्णीचं. ते फारसं झिजलेलं नव्हतं. बाजारात फार हात न बदलताच ते पेटीत गेलं, हे त्याच्या अंगावरूनच कळतं. पेटीत ठेवण्याआधी किंवा सापडल्यावर कुणी ते चिंच लावून लख्ख केलं असतं, तर नाणं उरलं असतं, पण त्याची ही साक्ष पुसली गेली असती.

वसईतले एक संग्राहक जुन्या नाण्यांबद्दल बोलताना हे उदाहरण हमखास देतात. उमेदवारीची वर्षं त्यांनी सराफी पेढीवर काढली, त्यामुळे झाळणं, मुलामा चढवणं आणि बफावर धरून चमकवणं ही कामं त्यांच्या हाताखालून गेलेली आहेत. विरार, आगाशी, निर्मळकडचे लोक आजोबांच्या पेटीतली नाणी घेऊन त्यांच्याकडे येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, ‘काका, हे खरं ना?’ बहुतेक वेळा नाणं खरंच असतं. ओतीव नक्कल तशी लवकर पकडली जाते. वजन चुकतं, कडेला सांधा दिसतो, अक्षरं बोथट असतात. घोळ होतो तो खऱ्या नाण्याला कुणीतरी ‘सुधारलेलं’ असतं तेव्हा. धातू बरोबर, व्यास बरोबर, ठसा टांकसाळीचाच. फक्त वरचा पापुद्रा आता टांकसाळीचा राहिलेला नसतो.

ब्रिटिश अमदानीतला चांदीचा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, १८० ग्रेन, आजच्या मापात ११.६६ ग्रॅम. त्यात चांदी ९१.७ टक्के. १९४० पासून ती निम्म्यावर आली आणि १९४७ ला रुपया निकेलचा झाला. घरोघरी जपला गेला तो हा आधीचा कलदार. राणीछाप असो की राजाछाप, दिवाळीला तो बाहेर निघतो, राखेनं, लिंबानं किंवा दंतमंजनानं घासला जातो, दुधानं धुतला जातो आणि हळदकुंकू लावून चौरंगावर बसतो. यात लबाडी कुठेच नाही. देवीपुढे काळवंडलेलं नाणं ठेवायचं नाही, एवढाच भाव. पण पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या या घासण्यानं राणीच्या मुकुटाचं नक्षीकाम आणि गालाची गोलाई सपाट होते. अक्षरांच्या कोपऱ्यांत मात्र कुंकवाचे वाळलेले कण तसेच राहतात. ते दिसले की संग्राहक ओळखतात, हे देवघरातून आलेलं नाणं.

व्यापाऱ्याच्या हातची सफाई वेगळी असते. नाणं ठशांमध्ये दाबलं जातं तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिशय बारीक, अरीय रेषा उमटतात. नवं नाणं दिव्याखाली फिरवलं की या रेषांवरून उजेडाचे पट्टे चक्रासारखे फिरतात. हीच त्याची मूळ झळाळी. काळेपणा घालवण्यासाठी चांदी थायोयुरिया मिसळलेल्या आम्लात बुडवली, तर काळ्या सल्फाइडच्या थराबरोबर खालची थोडी चांदीही जाते आणि त्या रेषा बुजतात. एकदा, क्षणभर बुडवून काढलेलं नाणं कदाचित खपून जाईल. वारंवार बुडवलेलं पांढरंफटक दिसतं, पण फिरवलं तरी त्याच्यावर उजेड हलत नाही.

हे सगळं भिंगाखाली दिसतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एकाच बाजूनं तिरका पडणारा दिवा, एवढ्यावर संग्राहकांचं बरंचसं काम भागतं. कापडानं घासलेल्या नाण्यावर समांतर ओरखड्यांचे जथे दिसतात, मधल्या मोकळ्या जागेत एका दिशेचे आणि अक्षरांपाशी वळलेले. तारेच्या फिरत्या ब्रशनं चमकवलेल्या नाण्याची खूण त्यांना पेढीवरच्या दिवसांपासून ठाऊक आहे. ब्रश धातू खरवडून नेत नाही, तो त्याला ढकलतो, म्हणून प्रत्येक अक्षराच्या एका अंगाला बारीकसा बांध उभा राहतो. लांबून ‘कोरं नाणं’ वाटावं असा हा प्रकार. त्यावर पारदर्शक लाखेचा हात दिला की ओरखडेही झाकले जातात. अशा वेळी ते मोकळ्या हवेत, जवळपास आग नसताना, नाणं अॅसिटोनमध्ये बुडवतात. धातूला अॅसिटोन काही करत नाही. लाख आणि मेणकट लेप मात्र सुटू लागतात आणि खालचं रूप उघडं पडतं.

चकाकीच्या बाजारासोबत आता रंगाचाही बाजार आहे. कागदी पाकिटात किंवा जुन्या अल्बममध्ये वर्षानुवर्षं राहिलेल्या चांदीवर हवेतल्या गंधकामुळे सल्फाइडचा थर चढतो. थर वाढत गेला तसा त्यावर आधी पिवळा, मग तांबूस-जांभळा, मग निळा रंग दिसतो. तेलाच्या तवंगावर रंग येतात त्याच नियमानं. परदेशी लिलावांत अशा रंगीत नाण्यांना चढा भाव मिळतो म्हणून इथेही कुणी गंधकाच्या धुरात नाणी धरतं, कुणी उकडलेल्या अंड्याबरोबर डब्यात कोंडतं. हळूहळू चढलेला रंग बहुधा कडेकडून आत येतो आणि उठावाच्या भोवती थबकतो. घाईचा रंग अक्षरांवरून, चेहऱ्यावरून, मोकळ्या जागेवरून सरसकट वाहून जातो. सगळ्यांत पक्की खूण ओरखड्यात असते. ओरखडा अलीकडचा आणि त्याच्या तळाशीही तोच गर्द निळा असेल, तर रंग ओरखड्याच्या नंतरचा.

वसईच्या किनारपट्टीवर, आणि खरं तर साऱ्या कोकणात, सुधारणेचं आणखी एक कारण भेटतं, ते म्हणजे दागिना. चांदीच्या रुपयाला कडी झाळून तो माळेत किंवा मुलाच्या गळ्यातल्या दोऱ्यात घालायची रीत जुनी. पुढे विकायची वेळ आली की कडी कापतात, झाळ घासतात आणि त्या जागी कडेवरचे दाते पुन्हा कोरतात. ज्याला भोक पाडलं होतं त्यात चांदीची गुडदी बसवतात. असं नाणं संग्राहक आधी वाजवून पाहतात. रुपया खणखणीत वाजला पाहिजे, गुडदीचा आवाज बद्द येतो. मग कड बोटानं फिरवत नेतात, मशीनचे दाते एकसारखे आणि हातचे दाते कमीजास्त खोलीचे लागतात. झाळेत दुसरा धातू मिसळलेला असतो, म्हणून ती जागा चमकवल्यावरही किंचित पिवळसर राहते.

तारखेची सुधारणा त्याहून बेरकी. सहाव्या जॉर्जचा मुंबई टांकसाळीचा १९३९ चा चांदीचा रुपया दुर्मीळ आहे, १९३८ चा नाही. म्हणून शेवटच्या ८ चा खालचा डावा वळसा खरवडून ९ केला जातो. यावर उपाय त्या नाण्यावरच आहे. १९३९ मध्ये दुसरा आकडाही ९ असतो. दोन्ही भिंगाखाली ताडून पाहायचे, शेपटीचं वळण, पोटाची रुंदी. आणि खरवडलेल्या जागेची जमीन आजूबाजूहून खोल आहे का, तेही पाहायचं. सुधारलेल्या नाण्यांची ही फसवणूक जगभर चालते. अमेरिकेत १८८३ च्या पाच सेंटच्या निकेल नाण्यावर आधी ‘सेंट’ हा शब्दच नव्हता, नुसता रोमन पाचचा आकडा. लबाडांनी त्यावर सोन्याचा मुलामा चढवून ती पाच डॉलरची म्हणून खपवली, तेव्हा टांकसाळीला त्याच वर्षी ठसा बदलावा लागला.

महाराष्ट्रात अशी हातसफाई शिवराईवरही चालते. तांब्याचं जाड नाणं, एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. ती हातानं ठोकलेली असत. ठसा बहुधा नाण्याच्या चकतीहून मोठा, त्यामुळे कडेची टिंबांची वर्तुळाकार ओळ अर्धवट येणं हेच स्वाभाविक. इथे गिऱ्हाइकाला अक्षरं ठसठशीत हवी असतात, म्हणून अक्षरांभोवतीचं तांबं सुईसारख्या हत्यारानं खोल करतात आणि ताजा लाल धातू बुटाच्या पॉलिशनं किंवा रसायनानं काळा करतात. संग्राहकांनी एकदा अशी शिवराई टेबलावर ठेवून तिच्याकडे बोट दाखवलं होतं. ‘छत्र’ची अक्षरं काठावर कापल्यासारखी उभी, पण त्यांचे माथे झिजून गुळगुळीत. माथा झिजला असेल तर काठही मऊ व्हायला हवा होता. शिवाय अक्षरांमधल्या जागेत हत्याराचे लहान लहान टोचे, एकाशेजारी एक.

मग नाणं कधी स्वच्छ करूच नये का? तसंही नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेत तांब्यावर क्लोराइड बसतं, फिकट हिरवी भुकटी सुटते आणि ती आतून धातू खात जाते. तिथे हात न लावणं हेच नुकसान. संग्रहालयातले तज्ज्ञ अशा वेळी उपचार करतात, पण आधी फोटो घेतात, वजन नोंदवतात आणि काय वापरलं ते लिहून ठेवतात. घरच्या माणसानं शुद्ध पाण्यात भिजवून, टिपून, पूर्ण कोरडं करून ठेवलं तरी पुष्कळ, आणि भुकटी थांबली नाही तर ते तज्ज्ञाकडे न्यावं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरचं नाणं ही पुरावस्तू ठरते, हेही संग्राहक येणाऱ्यांच्या कानावर घालतात. जमिनीत सापडलेली नाणी तर घासूही नयेत आणि विकूही नयेत, ती सरकारला कळवावीत, असं त्यांचं स्पष्ट सांगणं असतं.

हातात आलेल्या नाण्याची चिठ्ठी ते स्वतः लिहितात. वजन, व्यास आणि पुढे ‘घासलेलं’, ‘कडी काढलेली’, ‘गुडदी बसवलेली’, ‘रंग संशयास्पद’, जे असेल ते. विकणाऱ्यांपैकी काहींना ही चिठ्ठी रुचत नाही, कारण तिच्यामुळे नाण्याचा भाव चांदीच्या भावापाशी येऊन टेकतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेनं, जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपलं नाव वापरून शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं जाहीर केलं होतं. तरीही मोबाइलवर लाखांचे आकडे पाहून येणारे थांबलेले नाहीत. दिवाळीनंतर एक बाई सासूबाईंचा राणीछाप घेऊन आल्या. भिंगाखाली मुकुट सपाट, कोपऱ्यात कुंकू. ‘लाख मिळतील म्हणाले होते,’ त्या म्हणाल्या. संग्राहकांनी काट्यावर ११.४ ग्रॅम दाखवले, त्या दिवसाचा चांदीचा भाव सांगितला आणि रुपया परत केला. ‘देव्हाऱ्यातच राहू द्या. फक्त पुढच्या वर्षी लिंबू नको, नुसतं पाणी आणि मऊ फडकं.’ बाईंनी रुपया रुमालात बांधला आणि तिथूनच सासूबाईंना फोन लावला, लिंबू बंद म्हणून सांगायला. पलीकडून पहिला प्रश्न आला, मग राखेचं काय?