किनाऱ्याची दैनंदिनी : कळंगुट ते पाळोळे

शुक्रवार, कळंगुट

किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाळू लागण्याआधीच दलाल गाठतात. पॅरासेलिंग, डॉल्फिन दाखवणारी बोट, मसाज, कॅसिनो, काळोख पडला की डान्स बार. एकाला नकार दिला की दुसरा सोबत चालू लागतो. गिऱ्हाईक आणलं तरच याच्या हातात कमिशन पडतं, त्यामुळे ‘नको’ हे उत्तर त्याला परवडतच नाही. या उपद्रवाची चर्चा बहुतेक वेळा किती पैसे उकळले यावरच थांबते. मला त्याहून मोठं नुकसान वाटतं ते विश्वासाचं. तासाभरात पाहुणा कुणाकडेही न बघता चालायला शिकतो. मग आपुलकीने वाट सांगणाऱ्यालाही तो उत्तर देत नाही आणि ठरल्या दरात नीट बोट चालवणाऱ्या स्थानिकाकडेही संशयानेच बघतो. दलालाने केलेलं असं शेजाऱ्यालाही भोगावं लागतं.

शनिवार, बागा

यावर हमखास ऐकू येतं की गर्दी तर वाढतेच आहे. पर्यटन खात्याचे आकडेही तेच सांगतात: 2019 मध्ये गोव्यात सुमारे 71 लाख देशी पर्यटक आले होते, 2024 मध्ये 99 लाखांवर. परदेशी मात्र 9.37 लाखांवरून 4.68 लाखांच्या आसपास आले. ही घट दलालांच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. मध्ये कोविड आला, युद्ध पेटलं, चार्टर विमानं घटली. पण मग त्याच न्यायाने, गर्दी वाढली म्हणजे आलेले खूश आहेत, असंही म्हणता येत नाही. दोन-तीन दिवसांसाठी आलेलं कुटुंब तक्रार नोंदवायला चौकीत संध्याकाळ घालवत नाही. ते निमूट परततं आणि जे सांगायचं ते आपल्या नात्यागोत्यात सांगतं. खात्याच्या कुठल्याच तक्त्यात हे उमटत नाही.

रविवार, हणजूण

पोटाचा प्रश्न मात्र बाजूला सारता येत नाही. इथे मणी, पैंजण, चादरी विकणाऱ्या अनेक लमाणी बायका कर्नाटकातून आलेल्या असतात, आणि पाऊस सुरू झाला की त्यांची किनाऱ्यावरची कमाई आटते. त्यांना आणि क्लबच्या दलालाला एकाच मापाने मोजणं मला पटत नाही. पर्यटनस्थळांच्या संरक्षणासाठी गोव्यात 2001चा कायदा आहे. 2025च्या दुरुस्तीने दलाली, खरेदीची सक्ती अशा उपद्रवांना 5 हजार ते 1 लाख रुपयांचा दंड ठरवला. सक्तीला दंड हवाच. पण माळा विकणारीचं 5 हजारांनी कंबरडं मोडतं, क्लबच्या मालकाला ते जाणवतही नाहीत. म्हणून हात कमिशन देणाऱ्यापर्यंत पोचला पाहिजे: ज्याच्या दारात गिऱ्हाईक आणून सोडलं, त्याचा परवाना धोक्यात यायला हवा. विकणाऱ्यांसाठी शहरी फेरीवाल्यांच्या 2014च्या केंद्रीय कायद्याच्या धर्तीवर नोंदणी, ओळखपत्र आणि बसायला ठरलेली जागा द्यावी. बाहेरच्यांना कशाला जागा, असं म्हणणारे भेटतील; पण हुसकावलेला विक्रेता दुसऱ्या दिवशी परत येतोच, फक्त अधिक घाईत आणि अधिक चिकटपणे विकायला.

सोमवार, पाळोळे

त्रास विकणारेच देतात, हाही अर्धाच हिशोब. पर्यटकांनी इतरांचे, विशेषतः ऊन खात पडलेल्यांचे आणि पोहणाऱ्यांचे, परवानगीवाचून फोटो काढू नयेत, असं पर्यटन खात्याला जानेवारी 2023 मध्ये जाहीरपणे सांगावं लागलं. म्हणजे इथे त्रास देणाराही पाहुणाच, कदाचित पुण्या-कोल्हापूरहून गाडी करून आलेल्या आपल्याच मंडळींतला. समोरून मोबाइल रोखला गेला की पोहायला आलेली बाई पाण्याबाहेर येते, अंगावर कपडे चढवते आणि दिवसभर पुन्हा उतरत नाही. या छळामागे कमिशन नाही, त्यामुळे परवान्याचा धाकही इथे उपयोगाचा नाही. जीवरक्षकांची नजर पाण्यावर असते आणि ती तिथेच असायला हवी. वाळूवर पायी गस्त घालणाऱ्या महिला पोलीसच लागतील, आणि त्याही हंगामभर, नुसत्या नाताळच्या आठवड्यात नव्हे.