शेवटच्या कडव्यातला वामन

चौदा एप्रिलला ऐरोलीच्या सेक्टर 15 मधल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकाकडे माणसांची रीघ लागते. दिघा, रबाळे, तुर्भे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या नि दगडखाणींच्या आधारानं वाढलेल्या वस्त्यांमधून मराठवाड्याची, विदर्भाची, नाशिककडची कुटुंबं येतात. ट्रकवरच्या भिंतीएवढ्या स्पीकरांतून जी गाणी वाजतात, त्यांत आंबेडकरी गीतकार-गायक वामनदादा कर्डक असतातच. मात्र डीजे मुखडा आणि एखादं कडवं वाजवून पुढच्या गाण्यावर उडी मारतो. दादांचं नाव असतं शेवटच्या कडव्यात.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. त्यानंतर वर्षभरानं अमेरिकेतल्या अलाबामात हँक विल्यम्स जन्मला. त्यानं लिहिलेली, गायलेली गाणी पुढे 'कंट्री' म्हणजे तिकडच्या ग्रामीण गोऱ्या कष्टकऱ्यांच्या संगीताचा कणा ठरली. दोघांना शेजारी बसवणं धाडसाचंच आहे. एकाच्या गाण्यात दारू, विरह आणि येशू. दुसऱ्याच्या गाण्यात बुद्ध, भीमराव आणि भाकरी. पण दोघांनाही गाण्याचं रीतसर शिक्षण नव्हतं. हँकला रूफस पेन या रस्त्यावर गाणाऱ्या कृष्णवर्णीय कलावंतानं वाट दाखवली. वामनदादांना तर विशी गाठेपर्यंत अक्षरओळखही नव्हती.

मुंबईत त्यांनी कोळशाच्या वखारीत काम केलं, चिक्की विकली, आइसफ्रूट विकलं, पुढे टाटा ऑइल मिलमध्ये लागले. शिवडीच्या बीडीडी चाळीत राहत असताना कुणीतरी एक पत्र वाचायला दिलं. वाचता येईना. त्या दिवशी त्यांना रडू आलं, असं ते सांगत. समता सैनिक दलातल्या देहलवी मास्तरांनी मुळाक्षरं गिरवून घेतली. उरलेलं शिक्षण दुकानांच्या पाट्यांनी केलं. 1943 च्या मे महिन्यात एका हिंदी सिनेगीताच्या चालीवर त्यांनी पहिलं गाणं रचलं. पाटी वाचायला शिकलेला माणूस लगेच गाणी लिहू लागतो, यात चमत्कार वाटण्याचं कारण नाही. ओवी, तमाशा, जलसा हे सगळं कानात साठलेलं होतं. कागद तेवढा उशिरा आला.

मग साठ वर्षं हा माणूस गावोगाव फिरला. कुणाच्या घरी मुक्काम, तिथंच गाणं लिहायचं, रात्री गायचं, अनेकदा वही तिथंच ठेवून पुढच्या गावाला निघायचं. गाणी हजारोंच्या घरात गेली. 'सांगत्ये ऐका' (1959) आणि 'पंचारती' या चित्रपटांसाठीही त्यांनी लिहिलं, पण सिनेमात ते रमले नाहीत. त्यांचं एक गाणं बिर्ला, बाटा, टाटा अशी नावं घेऊन देशाच्या धनातला आमचा वाटा कुठे आहे, असं थेट विचारतं. टाटांच्याच गिरणीत घाम गाळलेल्या माणसाचा तो प्रश्न आहे, हे लक्षात ठेवून ते ऐकावं. बाबासाहेबांचं नाव घेत फुटत राहिलेल्या आपल्याच पुढाऱ्यांनाही त्यांनी सोडलं नाही. ती गाणी तर मला... नव्हे, कुणालाही अधिक धारदार वाटावीत अशी आहेत; आपल्या माणसांसमोर उभं राहून त्यांनाच बोल लावायला वेगळी छाती लागते.

आता त्यांच्या स्वतःच्या वाट्याचं काय? नॅशव्हिलमध्ये 1942 साली अकफ-रोझ ही गीतप्रकाशन कंपनी निघाली. तिच्यामुळे हँकच्या गाण्यांची नोंद झाली, मानधन ठरलं. 1 जानेवारी 1953 ला तो अवघ्या 29 व्या वर्षी गेला आणि त्यानंतर कित्येक वर्षं त्या हक्कांवरून वारसदारांचे खटले चालले. भांडण व्हायला निदान दप्तर होतं. वामनदादांची गाणी मेळ्यांतून, गायन पार्ट्यांतून, पुढे कॅसेटांतून पसरली. ज्याला आवडलं त्यानं उचललं. भारतात गीतकाराच्या रॉयल्टीच्या हक्काला भक्कम आधार मिळाला तो 2012 च्या कायदादुरुस्तीनं. दादा 15 मे 2004 रोजीच गेले होते.

त्यांच्या हातात होती ती नाममुद्रा. नामदेव-तुकारामांपासून चालत आलेली ही रीत भक्तीची मानली जाते, पण वामनदादांकडे ती सातबाऱ्याचं काम करते. शेवटच्या कडव्यात 'वामन' आला की गाणं कुणाचं, हे चावडीवर जाहीर झालं. तो शब्दही ठिगळासारखा लावलेला नसतो. यमकात, अर्थात असा विणलेला असतो की काढला तर ओळ लंगडावी.

1993 साली वर्ध्याला झालेल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. त्याआधी सत्तरच्या दशकात 'वाटचाल', 'मोहळ' हे संग्रह आले होते. तरी छापलेल्यापेक्षा न छापलेलं जास्त. अभ्यासक आणि शिष्य अजून गावोगावच्या वह्या गोळा करतात, तेव्हा गाणं दादांचंच की त्यांच्या धाटणीत दुसऱ्यानं बांधलेलं, असा पेच पडतो. कडवी मागेपुढे झालेली, शब्द बदललेले, चाल भलतीच. अशा वेळी वही उलटी धरून शेवटच्या कडव्यापासून वाचायला सुरुवात करणं सोयीचं.