बाईंची डाळ बंद करायची का?



आमच्या घोडेगावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. सासूबाईंना, म्हणजे आमच्या बाईंना, अल्झायमर झालाय हे कळल्यापासून स्थानकात दोघी-तिघींनी मला एकच सल्ला दिला, "मेंदूत प्रोटीन साचतं म्हणे, मग त्यांची डाळ बंद कर." सल्ला मायेचाच. पण आपल्याकडे अंडी-मांस नाही, पर्वतिथीला हिरवी भाजीही नाही. डाळ काढली तर ८१ वर्षांच्या बाईंच्या ताटात राहील काय? म्हणून नगरच्या डॉक्टरांनी समजावलेलं इथे लिहिते.

खाल्लेलं प्रोटीन पोटात पचतं, ते तसंच मेंदूत जाऊन बसत नाही. तिथे साचणारं प्रोटीन मेंदूतच तयार होतं. पेशींवरच्या एका मोठ्या प्रोटीनचे तुकडे होतात. त्यातला बीटा अमायलॉइड नावाचा चिकट तुकडा साफ झाला नाही की पेशींच्या बाहेर त्याचे थर जमतात. पेशींच्या आत टाऊ नावाच्या प्रोटीनचा दोऱ्यासारखा गुंता होतो. जर्मनीच्या डॉ. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये या आजाराची पहिली माहिती मांडली. त्रास दिसायच्या १५-२० वर्षं आधीच हे साचणं सुरू झालेलं असतं. त्यात कालच्या वरणाचा काय दोष?

नव्या आठवणी साठवणारा भाग आधी बिघडतो. म्हणून बाईंना नवकार पाठ आहे, पण सहाला केलेला चौविहार सातला आठवत नाही. "मला कुणी जेवायलाच दिलं नाही," म्हणून रडतात. मी जवळ बसून नवकार म्हणते, बहुतेकदा तेवढ्याने शांत होतात. नाहीच झाल्या तर कोमट दूध देते. त्यांनी व्रत मोडलं असं कुणी म्हणू नये. आपल्या पच्चक्खाणात 'अनाभोग', म्हणजे विसर पडण्याचा आगार, आधीपासून आहेच. दोष लागलाच तर तो देणारीला लागू दे.

डाळ मात्र चालूच आहे. मुगाची, मऊ शिजवून, दिवस मावळायच्या आत, शेजारी बसून भरवते.

आणि एक विनंती. बाई स्थानकात भेटल्या तर "मला ओळखलंत का?" असं विचारू नका. आपलं नाव आपणच सांगा आणि हात हातात घ्या.