सांच्याचें माप

‘सांचा’ या शब्दाला अलीकडे आमच्या भाषेंत मोठी अवकळा आली आहे. एखादी कथा फसली कीं टीकाकार तिला ‘सांचेबंद’ म्हणतो. विद्यार्थी एकसारखीं उत्तरें लिहूं लागले कीं परीक्षक ‘एका सांच्यांतून काढलेले’ असा शेरा मारतो. या निंदेच्या मुळाशीं एक समजूत आहे. ती अशी कीं, सांचा जसा असेल अगदीं तशीच वस्तु त्यांतून बाहेर पडते. ज्यानें कधीं शाडूची मूर्ति सांच्यांत घडविली आहे तो या समजुतीला हंसेल. ओली मूर्ति सांच्याएवढी असते. वाळूं लागली कीं ती अंग चोरते. ओतीव धातूचेंही तसेंच. सांच्याच्या मापाहून सांच्यांतली वस्तु थोडी उणीच असावयाची. हा उणेपणा किती असावा, व तो अधिक झाल्यास काय करावें, याचा फार बारकाईनें विचार करणारे लोक म्हणजे बंदुकीच्या गोळ्या ओतणारे.

हा उद्योग बहुतेक वाचकांस अपरिचित असेल, व आमच्या देशांत परवान्यावांचून तो करतांही येत नाहीं. अमेरिकेंत मात्र जुन्या बंदुकांनीं निशाण साधण्याचा छंद असलेले पुष्कळ गृहस्थ आपल्या गोळ्या आपणच ओततात. याचें एक कारण काटकसर. परंतु दुसरें अधिक महत्त्वाचें आहे. जुन्या बंदुकांच्या नळ्या एकसारख्या नसतात. कोणाची मुळांतच सैल, तर कोणाची वापरानें झिजलेली. कारखान्याची गोळी नांवानें त्याच मापाची असली तरी या नळींत नीट बसतेच असें नाहीं. मग सांचा आणावा, शिसें वितळवावें, आणि आपल्या नळीला साजेल अशी गोळी ओतावी, हाच मार्ग उरतो.

सांचा दिसावयास साधा. लोखंडाचे, पितळेचे किंवा ॲल्युमिनियमचे दोन ठोकळे, प्रत्येकांत अर्ध्या गोळीचा आकार कोरलेला. सांडशीसारख्या दांड्यांनीं ते मिटावयाचे. शिसें ३२७ अंश सेंटिग्रेडला वितळतें. त्याहून बरेंच तापवून तें सांच्यांत ओततात. क्षणभरानें ठोकळे उघडले कीं चकचकीत गोळी बाहेर पडते. निवल्यावर ती मोजावी, तर कित्येकदां हवी त्याहून इंचाचा एक-दोन हजारांश लहान भरते. एवढें अंतर मनुष्याच्या साध्या केसाच्या जाडीहूनही कमी. परंतु तेवढ्यानें सारा खेळ बिघडतो. दारूचा तप्त वायु गोळीच्या बाजूनें निसटतो, तिची कड वितळवितो, व तें शिसें नळीला माखून राहतें. नळींतील चक्राकार खाचांची पकड गोळीवर बसत नाहीं. ती डुलत जाते, आणि कागदी निशाणावर वाटोळ्या भोंकाऐवजीं कधीं कधीं तिच्या आडव्या अंगाची लांबट खूण उमटते.

येथें उतावळा मनुष्य सांच्याला शिव्या देतो. जाणता मनुष्य आधीं नळी मोजतो. मऊ शिशाचा तुकडा तो नळींतून हलकेच ठोकून पार काढतो आणि त्यावर उमटलेलें माप घेतो; ओतीव गोळी त्या मापाहून हजारांश-दोन हजारांश मोठी असावी, असा साधारण नियम आहे. गोळी लहान कीं मोठी हें सांच्यावर कोरलेल्या आंकड्यानें ठरत नसून ज्या नळींतून तिला जावयाचें त्या नळीनें ठरतें.

नळी मोजून झाल्यावरही तो लगेच सांच्याला हात लावीत नाहीं. प्रथम धातु पाहतो. निव्वळ शिसें निवतांना अधिक आकसतें. त्यांत कथील व अँटिमनी मिसळलें कीं त्याच सांच्यांतली गोळी किंचित् भरदार उतरते. छापखान्याचे खिळे याच तीन धातूंच्या मिश्रणाचे ओतीत, त्याचेंही हें एक कारण आहे. अक्षराची कड बोथट उतरली तर तें अक्षर काय कामाचें? गोळीला कागद गुंडाळून तिची जाडी वाढविण्याची एक जुनी रीतही आहे. कोणी ठोकळ्यांच्या मधें पातळ पट्टी चिकटवून सांचा किलकिला ठेवतात. परंतु अशी गोळी एकाच अंगानें फुगते, सर्व बाजूंनीं वाटोळी राहत नाहीं.

हे उपाय हरल्यावर मग सांचा वाढविण्याची पाळी येते. ही क्रिया आम्हांस फार मनोरम वाटते. त्याच सांच्यांतली एक गोळी घ्यावयाची, तिच्यांत मधोमध एक दांडा बसवावयाचा, तिला कुरुंदासारख्या कठीण दगडाची बारीक पूड तेलांत कालवून माखावयाची, आणि सांचा तिच्यावर हलक्या हातानें मिटून ती सावकाश फिरवावयाची. सांच्यानें जी गोळी उणी घडविली तीच आतां सांच्याला घडवूं लागते. थोडें घासावें, पूड धुवून काढावी, नवी गोळी ओतावी, निवूं द्यावी, मोजावी, पुन्हां घासावें. घाई केली तर सांचा लंबवर्तुळ होतो. घासून गेलेली धातु परत आणणारी पूड अद्याप निघालेली नाहीं. एक सवलत मात्र आहे. गोळी थोडी मोठी उतरली तर पोलादी कड्यांतून दाबून ती बेताची करतां येते. लहान उतरलेली गोळी मात्र दाबून मोठी होत नाहीं. म्हणून सांचा किंचित् सढळ असलेला पत्करतो, कृपण असलेला पत्करत नाहीं.

गोळी आणि नळी यांतील ही फट इतिहासालाही ठाऊक आहे. इंग्रजांच्या जुन्या बंदुकीची नळी सुमारें ०.७५ इंच आणि गोळी सुमारें ०.६९ इंच असे. पुढून गोळी भरावयाची, तेव्हां ती झटकन् उतरावी म्हणून ही सैलाई जाणूनबुजून ठेवीत. अशी सैल गोळी नळींत आपटत जाते व नेम चुकविते. खाचांच्या नळीचा पुरस्कार करणारा इंग्रज गणितज्ञ बेंजामिन रॉबिन्स यानें इ. स. १७४२ मध्यें तोफविद्येवर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १७४५ मध्यें थोर गणिती ऑयलर यानें स्वतःच्या टीपा जोडून तो जर्मन भाषेंत नेला. रॉबिन्स पुढें कंपनीच्या चाकरींत हिंदुस्थानांत आला व १७५१ मध्यें कडलूरजवळच्या किल्ल्यांत वारला.

इ. स. १८५३ च्या एन्फील्ड बंदुकीचीं काडतुसें आमच्या इतिहासांत चरबीमुळें गाजलीं. त्यांतील गोळीच्या मापाची गोष्ट मात्र कोणी सांगत नाहीं. नळी ०.५७७ इंच, गोळी ०.५६८. उठावाच्या लढायांत नळी दारूच्या काजळीनें भरून येई आणि गोळी खालीं उतरेना. तेव्हां १८५९ मध्यें गोळी ०.५५० इंच केली. लहान गोळी तेथें चालली, कारण तिच्या बुडाशीं पोकळी ठेवलेली होती. दारू पेटली कीं ती फुगून नळीला भिडे. ज्या गोळीला अशी पोकळी नाहीं, तिला मात्र आग मोठी करीत नाहीं, उलट खाते.

गोळी ही जीव घेणारी वस्तु आहे, तिच्या घडणींत एवढें कौतुक कसलें, असें कोणी म्हणेल. आक्षेप खोटा नाहीं. परंतु तिच्यासाठीं मनुष्यानें जो विवेक खर्चिला तो तिच्यापुरताच राहावा, हें अधिक वाईट. आम्ही ज्या व्यवसायांत वय घालविलें तोही ओतकामाचाच आहे. दर उन्हाळ्यांत निकाल लागतात आणि ‘मुलें उणीं पडलीं’ अशी ओरड होते. कोणी धातूला दोष देतो, कोणी सांचा फोडावयास निघतो, आणि अभ्यासक्रम एका रात्रींत खरवडला जातो. या मुलांना ज्या नळींतून जावयाचें आहे ती कोणीं मोजली काय? आमच्या मतें तो प्रश्न पहिला. दुसरा असा कीं, आमचा सांचा सढळ आहे कीं कृपण? जरूरीपुरतेंच शिकवून काढलेल्या मुलाला जग पुढें वाढवील, ही आशा व्यर्थ आहे. जगाचें कडें दाबण्याचें काम जाणतें. चार गोष्टी अधिक घेऊन गेलेल्या मुलाला तें बेताचा करून घेईल, आणि त्यांत फारसें बिघडत नाहीं. उणा गेलेल्याच्या अंगीं निदान थोडी पोकळी तरी हवी, म्हणजे पुढें शिकण्याची जागा.

सांचे नकोतच, असें म्हणणाऱ्यांशीं आमचा वाद नाहीं. पण सांच्यावांचून शिसें जमिनीवर सांडतें, एवढेंच त्यांना दिसेल. सांचा असावा, तो वरचेवर मोजावा, आणि बदलावयाचा तर त्यांतून निघालेल्या वस्तूलाच हातीं धरून, बारीक पुडीनें, थांबत थांबत बदलावा.