एल्कमाँटचे क्लबघर

अमेरिकेच्या आग्नेय भागात, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिना या दोन राज्यांच्या सीमेवर स्मोकी नावाची पर्वतश्रेणी आहे. तिच्या शिखरांवर निळसर धुके तरंगत असते. दुरून पाहणाऱ्यास सारा डोंगर धुमसत असल्याचा भास होतो. म्हणूनच या पर्वतास 'स्मोकी', म्हणजे धुरकट, हे नाव पडले. याच पर्वताच्या कुशीत, लिटल नदीच्या काठी, एल्कमाँट नावाचे एक लहानसे ठिकाण आहे. 'आमचे' आणि 'सर्वांचे' या दोन शब्दांतील तंटा सोडविणे किती अवघड असते, हे या ठिकाणाच्या इतिहासावरून चांगले समजते.

विसाव्या शतकाच्या आरंभी एका लाकूड कंपनीने या रानात रेल्वे नेली आणि 1908 च्या सुमारास एल्कमाँट हे लाकूडतोड्यांचे गाव वसविले. रेल्वे आली तशी नॉक्सव्हिल शहरातील सुखवस्तू मंडळीही येऊ लागली. कोणी शिकारीसाठी येई, कोणी मासे धरण्यासाठी, तर कोणी केवळ थंड हवेसाठी. 1910 च्या सुमारास त्यांनी 'अ‍ॅपलेशियन क्लब' स्थापन केला, मोठे क्लबघर बांधले आणि भोवती उन्हाळ्यात राहण्यासाठी लाकडी बंगल्या उभारल्या. या क्लबाचे सभासदत्व सर्वांना मिळत नसे. ज्यांना ते मिळाले नाही, अशा काही व्यापाऱ्यांनी 1919 मध्ये जवळचे एक हॉटेल विकत घेतले आणि 'वंडरलँड' नावाचा आपला निराळा क्लब काढला. मनुष्यस्वभाव असाच विचित्र आहे! एका कुंपणाबाहेर राहिलेला माणूस कुंपणे मोडावयास निघत नाही. तो आपले दुसरे कुंपण घालतो.

इकडे कुऱ्हाड आणि करवत यांचे काम अखंड चालू होते. डोंगरामागून डोंगर उघडे पडत होते. हे वन वाचवावयाचे, तर त्याचे राष्ट्रीय उद्यान झाले पाहिजे, असा विचार 1923 नंतर जोर धरू लागला. विशेष हे, की या चळवळीचे एक धुरीण डेव्हिड चॅपमन यांची स्वतःची बंगली एल्कमाँटमध्येच होती.

उद्यानासाठी जमीन विकत घेण्याचा भार आरंभी त्या दोन राज्यांवर पडला. लोकांनी वर्गण्या दिल्या, शाळकरी मुलांनीही आपली नाणी दिली. 1928 मध्ये रॉकफेलर यांच्या दानाचे 50 लाख डॉलर मिळाले. लाकूड कंपनीची सुमारे 76,000 एकर जमीन घेण्यात आली, आणि मग डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणाऱ्या शेतकऱ्यांची पाळी आली. केड्स कोव्ह या खोऱ्यातील जॉन ऑलिव्हर नावाचा शेतकरी आपल्या जमिनीसाठी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडला. अखेरीस तो हरला आणि 1937 च्या नाताळच्या दिवशी त्याने आपले घर सोडले.

क्लबाच्या सभासदांवर असा प्रसंग लगेच आला नाही. त्यांनी आपल्या बंगल्या निम्म्या किमतीस सरकारला दिल्या, आणि त्याबदल्यात हयातभर तेथे राहण्याचा हक्क मिळविला. काही शेतकऱ्यांनाही राहण्याचे पट्टे मिळाले होते. परंतु उद्यानात झाड तोडावयाचे नाही, शिकार करावयाची नाही, असा नियम होता. सुट्टी घालविण्यास आलेल्या मनुष्यास हा नियम जाचत नाही. ज्याची चूल आणि ज्याचे पोट त्या रानावर अवलंबून आहे, त्याला मात्र तो बेघर करतो. नियम एकच असला, तरी त्याचे ओझे सर्वांच्या खांद्यांवर सारखे पडत नाही, हा धडा येथे घेण्याजोगा आहे.

1934 मध्ये उद्यान स्थापन झाले. 1952 मध्ये हयातीच्या हक्काऐवजी वीस वर्षांचे करार झाले; 1972 मध्ये ते आणखी वीस वर्षांनी वाढले. पाहता पाहता 1992 साल उजाडले आणि बहुतेक बंगल्यांच्या किल्ल्या सरकारच्या हाती गेल्या. ज्या ओसरीवर तीन-तीन पिढ्यांची मुले खेळली, तिच्या पायऱ्या उतरताना अनेकांना दुःख झाले असेल. ते दुःख खोटे म्हणता येणार नाही. तथापि ज्या भूमीसाठी हजारो लोकांनी पैसा दिला आणि शेकडो कुटुंबांनी घरे सोडली, ती भूमी मूठभर सभासदांसाठी कायमची राखून ठेवणे न्यायाचे झाले नसते.

पण जाणारी मंडळी रिकाम्या हातांनी गेली नाहीत, आणि उद्यानालाही त्यांनी रिकामे ठेवले नाही. जूनच्या रात्री एल्कमाँटच्या झाडीत असंख्य काजवे चमकतात. एरवी प्रत्येक काजवा आपल्या लहरीप्रमाणे लुकलुकतो. येथील काजवे मात्र एकाच वेळी उजळतात आणि एकाच वेळी विझतात. लिन फॉस्ट या बाईंनी आपल्या कुटुंबाच्या बंगलीतून हा देखावा वर्षानुवर्षे पाहिला होता. असे काजवे आग्नेय आशियातच असतात, असे लिहिलेले वाचून त्यांनी शास्त्रज्ञांना पत्र लिहिले. जोनाथन कोपलंड हे शास्त्रज्ञ तेथे आले, आणि बाईंचे म्हणणे खरे ठरले! जे ग्रंथांत नव्हते, ते ओसरीवर बसून प्रेमाने पाहणाऱ्या डोळ्यांना ठाऊक होते. आज हा देखावा पाहावयास इतके लोक येऊ इच्छितात, की वाहनांसाठी सोडत काढावी लागते.

बंगल्यांचे काय करावे, यावर बराच वाद झाला. सर्व पाडून रान पुन्हा वाढू द्यावे, असे 1982 च्या योजनेत ठरले होते. परंतु 1994 मध्ये या वस्तीची नोंद ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाली. वंडरलँडची जुनी इमारत 2005 मध्ये ढासळली. पुढे 2009 मध्ये मधला मार्ग निघाला: काही निवडक इमारती राखाव्यात, बाकीच्या काढून जागा निसर्गास परत द्यावी.

राखलेल्या इमारतींत अ‍ॅपलेशियन क्लबचे क्लबघरही आहे. त्याची डागडुजी झाली आहे. ज्या दारातून एके काळी सभासदाखेरीज कोणास सहज प्रवेश नसे, ते दालन आता ठरलेले भाडे भरून कोणीही एका दिवसासाठी घेऊ शकतो. क्लब गेला, क्लबघर राहिले. आणि 'आमचे' होते ते 'सर्वांचे' झाले.