मुजाहमत

आम्ही तिघं उर्दू माध्यमाचे शिक्षक. भागीत घेतलेल्या जुन्या ओम्नीने शाळेला जातो. आधीच्या मालकाने तिच्यात अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला. शीळफाट्यापर्यंत कव्वाली झकास चालायची. तिथे कल्याण, मुंब्रा, महापे, पनवेल, सगळीकडची वाहनं एकमेकांसमोर येऊन थांबतात. गाडी उभी, दिवे चालू, आणि ढोलकाचा ठेका जोरात आला की आवाज गुल!

एका दुकानदाराने अ‍ॅम्प्लिफायरच बदलायला सांगितलं. दुसरा म्हणाला, मोठा फ्यूज टाका. असा सल्ला कुणी ऐकू नये. फ्यूज वायरीपेक्षा दणकट झाला की आधी वायर पेटते.

फाट्याजवळच्या गॅरेजात आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. नववीत शाळा सुटलेला. त्याने इंजिन चालू ठेवून, आवाज वाढवून मीटर लावला. बॅटरीवर १३ व्होल्ट, अ‍ॅम्प्लिफायरवर साडेदहा. मग एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थवर. तिथे आकडा शून्याजवळ हवा. आला दोनच्या वर.

"सर, आनेवाला रस्ता सब देखते हैं, जानेवाला कोई नहीं देखता."

अर्थची वायर पत्र्याच्या रंगावरच स्क्रूने आवळलेली होती! गाडी पळताना अल्टरनेटर जास्त देतो म्हणून निभायचं. उभ्या गाडीत ते कमी पडायचं.

वर्गात आम्ही फळ्यावर हेच लिहितो. २० अँपिअरची धारा असेल तर दशांश ओहमचा रोधही २ व्होल्ट गिळतो. रोधाला आमच्या पुस्तकात 'मुजाहमत' म्हणतात. त्या शब्दावर वर्गातली निम्मी पोरं अडखळतात, हाही अडखळायचा. ज्याच्या नावाचा हा नियम, तो गेऑर्ग ओहम आमच्यासारखाच शाळामास्तर. कोलोनच्या शाळेत शिकवता शिकवता त्याने प्रयोग केले, १८२७ साली पुस्तक छापलं.

पोराने पॉलिश पेपरने रंग घासला, खालचा पत्रा चकाकला, स्क्रू आवळला. मीटरवर ०.१.

पैसे किती, विचारलं. हात पुसत म्हणाला, "सर, वो सतरा नंबर का फॉर्म कब भरते हैं?"

आता दर रविवारी तो आमच्याकडे बसतो. व्याख्या अजून पाठ होत नाहीत. सर्किटची आकृती मात्र पुस्तकात न बघता काढतो, आणि फ्यूज आठवणीने बॅटरीला लागूनच दाखवतो.